तीन ओळी

मिरजेतल्या गाठी तपासणाऱ्या लॅबमधला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर फिकट छापत होता, म्हणून मला दुरुस्तीला बोलावलं होतं. मी रिबन बदलली, हेड पुसलं आणि चाचणीचं पान सोडलं. करकर सुरू झाली ती थांबेचना. बाहेरच्या बाकावरची म्हातारी भिंत चाचपत दारात आली. "लेका, एवढं लांब? माझ्या सुनेचंच व्हय?" बाकावरच्यांचा आडाखा ठरलेला: तीन ओळींत प्रिंटर थांबला तर गाठ साधी, लांबला तर वंगाळ. मी पान फाडून तिच्या हातात दिलं. "आवं मावशी, ही नुसती एबीसीडी हाय. मशीन सोताचीच तपासणी करतंय." पान चुरगाळत ती बसली. मग सुनेचा रिपोर्ट निघायला लागला. माझी बॅग भरली होती, तरी मी तिच्याशेजारी टेकलो. एक ओळ. दोन. तीन. करकर थांबली. प्रिंटर ठीक असल्याचा हिरवा दिवा जळत होता. मावशीनं माझा हात धरला. "परत बिघडला का रं?"