पहिला भाला

पाण्यातून काळा पर वर आला. माणसाएवढा उंच. त्याच्यामागे दुसरा, मग एकदम पाच. पुल्लाकने आपल्या चिंचोळ्या होडीत, कयाकमध्ये, वल्हं घट्ट धरलं.

"मामा, आर्लुक!"

"दिसतायत. म्हातारा झालोय, आंधळा नाही," त्याचे सासरे अजाको म्हणाले. "किनाऱ्याला घे. वल्हं आपटू नकोस."

दोन्ही कयाक उथळ पाण्यात खडकाला चिकटले. पाठोपाठ लांब दाताचे नार्व्हाल देवमासेही घुसले, वीसेक तरी. ज्यांना मारायला हे दोघे सकाळी निघाले होते, तेच आता कयाकला अंग घासत निमूट उभे राहिले. भाल्याची आठवण कुणालाच झाली नाही.

पूर्वी बर्फामुळे हे आर्लुक, म्हणजे किलर व्हेल, या खाडीत फिरकत नसत. पुल्लाक त्यांना पहिल्यांदाच बघत होता. गोष्टींतून त्याला एवढंच ठाऊक होतं, की आर्लुकला सगळं ऐकू जातं आणि तो काही विसरत नाही.

मागे राहिलेला एक नार्व्हाल अचानक खाली ओढला गेला. पाणी लाल झालं. पर पुन्हा किनाऱ्याकडे वळले.

"कुणीतरी खोटं बोललंय," अजाको शांतपणे म्हणाले. "उगाच नाही येत ते इतक्या जवळ. मी माझं आठवून पाहिलं. काही सापडलं नाही बुवा."

पुल्लाक सासऱ्यांकडे वळला. "मामा, गेल्या वर्षीचा तो मोठा नार्व्हाल... भाला आधी तुमचा लागला होता. मी नुसता आधी ओरडलो."

पहिला भाला ज्याचा, शिकार त्याची, लांब दातासकट. त्यांच्या कानाक गावात याहून मोठा कायदा नाही. तो दात पुल्लाकच्या घरात टांगलेला होता आणि तेव्हापासून सासरे-जावई हवापाण्याच्या गप्पांपलीकडे एकमेकांशी बोलले नव्हते.

पर हळूहळू खोल पाण्याकडे सरकले. मग दिसेनासे झाले.

"ऐकलं त्यांनी!" पुल्लाक रडवेला झाला.

"कसलं ऐकतायत! एवढ्या उथळात ते येत नाहीत. नाहीतर हे नार्व्हाल इथे कशाला आले असते?" अजाकोंनी शेजारच्या नार्व्हालची पाठ थोपटली.

"म्हणजे तुम्ही घाबरलाच नव्हतात?"

"घाबरलो नाही कसा? त्या दिवशी धुकं होतं, जावईबापू. भाला कुणाचा आधी लागला, मला कुठे दिसलं होतं? 'माझाच' म्हणाला असतास, तर वर्षभराचा राग कुठे नेऊन ठेवला असता मी?"