खंडेनवमीचा चाकू

२०११ साली, दसऱ्याला अजून महिना होता, तेव्हाची गोष्ट. तिन्हीसांजेला बद्रीनाथ मळ्यातून आला आणि मिटलेला चाकू त्यानं मायच्या पुढ्यात ठेवला.

सोनूबाई शिलाई मशीनवर बसली होती. तिचे पाय थांबले. लेकाची बाही कोपरापर्यंत ओली होती, आणि ते पाणी नव्हतं.

"रामप्रसाद कुठंय?"

"मोसंबीत पडलाय." बद्रीनाथ खाली बसला. "पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली. माय, तो उठना."

रामप्रसाद त्याचा धाकटा भाऊ. तीर्थपुरीच्या त्या मळ्यात दोघांची विहीर एकच होती.

"विहिरीत टाकून देतो हे," बद्रीनाथ म्हणाला.

"विहिरी उपसतात पोलीस. दे इकडं." तिनं चाकू उचलला. "एक गेला. आता दुसरा घालवू का?"

ती मोरीत गेली. बाहेर बसलेल्या बद्रीनाथला पाण्याचा आवाज आला. तांब्यावर तांबे. तो आवाज ऐकता ऐकता त्याला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. मग तिनं त्याचा सदरा चुलीत घातला.

रामप्रसादची बायको दैवशाला सहा वर्षांच्या आकांक्षाला घेऊन वाटूरला माहेरी गेली होती. ती आली ती मातीलाच. त्या साली मोसंबीचोरांनी उच्छाद मांडला होता. चोरांनीच मारला असं गाव म्हणालं, पोलिसांनीही तेच धरलं. विहिरी मात्र खरंच उपसल्या. सुतकाच्या घराची झडती कोणी घेतली नाही.

चाकू खटक्याचा होता. पात्याच्या बोंडाला अंगठा जरा लावायचा, पुढचं काम आतली स्प्रिंग करी. बद्रीनाथनं तो जालन्याच्या बाजारातून हौसेनं आणला होता आणि तो कसा सांभाळायचा हे मायला त्यानंच शिकवलं होतं. चामड्याच्या म्यानात ठेवायचा नाही, चामडं ओल धरतं. खोबरेल लावायचं नाही, ते थंडीत गोठतं आणि खटका अडकतो. मशीनचं तेल, तेही थेंबभर.

खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड धुऊन देवीपुढं मांडायची त्यांच्याकडे रीत. विळे, खुरपी, कुऱ्हाड, मशीनची कात्री. त्या सालापासून त्या रांगेत हा चाकूही आला. मिटलेला, मूठ तेलानं चकचकीत, वर झेंडूचं फूल. बद्रीनाथला मायच्या डोक्याचं नवल वाटलं. जे सगळ्यांसमोर आहे त्याच्याकडे कोण बघतं?

एका वर्षी त्यानं तो उचलला, बोंडाला अंगठा लावला.

"ठेव खाली," सोनूबाई म्हणाली. "देवीपुढं मांडलेलं हत्यार उघडू न्हाई."

"आतून गंजला असंल तर?"

"मला शिकवतो का? कणगीत ज्वारीच्या उबेला ठेवते, कागदात गुंडाळून. प्लास्टिकमधी घामेजतं. पावसाळ्यात दोनदा कागद बदलते."

"माझ्यापेक्षा जास्त तुझाच जीव त्याच्यावर." तो हसला आणि चाकू खाली ठेवला.

"आकांक्षाची फी भरली का?"

"भरतो की."

"जल्दी भर. पोरीचं नाव कटाया नको."

बारा वर्षांत तिनं त्याच्याकडे एवढंच मागितलं. आधी शाळा, मग अंबडचं वसतिगृह, मग जालन्याचं कॉलेज. बद्रीनाथनं कधी कुरकुर केली नाही. मायच्या गप्प राहण्याची किंमत म्हणून त्याला ते स्वस्तच वाटे.

दैवशाला सगळ्या लोखंडाला कुंकू लावी, त्या चाकूला तेवढं लावत नसे. तिच्यापाशी पुरावा नव्हता, पण डोळे होते. एकदा ती म्हणाली, "आत्याबाई, लेकासारखं जपता त्याला."

"लोखंड हाय बाई. जपलं तर टिकतं."

त्या दिवसापासून दैवशाला सासूच्या पंगतीला जेवायला बसली नाही. सोनूबाईनं तिला कधी विचारलंही नाही.

२०२३ च्या श्रावणात आकांक्षाला अठरा पूर्ण झाली. बापाच्या वाट्याची मोसंबी तिच्या नावावर करायला सोनूबाई स्वतः घनसावंगीला दोन खेटे घालून आली. बद्रीनाथनं सांगितलं तिथं सही केली.

मग खंडेनवमी आली आणि पूजा मांडलेली असतानाच दारात पोलिसांची गाडी थांबली.

"बारा वर्षांपूर्वीचं प्रकरण पुन्हा उघडलंय," फौजदार म्हणाले. "घरात खटक्याचा चाकू आहे का?"

बद्रीनाथनं दैवशालाकडे पाहिलं. "तू गेल्ती का यांच्याकडं?"



"देवीपुढं हाय, साहेब," सोनूबाई म्हणाली. "झेंडू बाजूला करा."

बद्रीनाथला हसू आवरावं लागलं. बारा वर्षं निगुतीनं राखलेल्या लोखंडात यांना काय सापडणार? शिपायानं चाकू उचलला तेव्हा तो वर म्हणाला, "जपून उघडा, स्प्रिंग बिलकुल ताजी हाय."

शिपायानं उघडला नाही. तसाच कागदी पाकिटात घालून नेला. बद्रीनाथ त्या दिवशी दोन पुरणपोळ्या जेवला.

पुढं त्याची बायको उमा आष्टीला भावाकडे गेली, ती परत आली नाही. मळा आता आकांक्षा बघते; विहिरीवर एकच मोटर आहे, पाळीचा प्रश्न उरला नाही. दैवशाला सासूच्या शेवटच्या आजारपणात वर्षभर तिच्या उशाशी होती आणि दोघी एका ताटात जेवत. सोनूबाई गेल्या पौषात गेली. बद्रीनाथ जन्मठेप भोगतोय. चाकूच्या सांध्यात सापडलेलं रक्त आकांक्षाच्या बापाचं निघालं. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात त्यानं मायला गाठलं.

"माय, त्या दिवशी मोरीत तू चाकू धुतला व्हता ना? मी पाणी ऐकलं."

"हात धुतले, बाबा," सोनूबाई म्हणाली. "चाकूचं काय ते आकांक्षा मोठी झाल्यावर बघायचं ठरवलं व्हतं."