आठ वाघिणी आणि एक इंजिन

"एवढ्याशा फळीवर आगगाडी जाणार तरी कुठे?" खारीने विचारले.

"कुठेच नाही," आजोबा म्हणाले. "हिने फक्त पुढे-मागे व्हायचं आणि डबे क्रमाने लावून द्यायचे. यार्डात तेच काम असतं."

पेन्सिली कुरतडायची म्हणून ते नातीला खार म्हणत. दोघे जमिनीवर पालथे पडून खाकी कागदावर आखणी करत होते. फळी पुस्तकांच्या कपाटावर बसणार होती, खिडकीपासून दारापर्यंत. त्याहून बोटभरही जास्त जागा घरात नव्हती.

आजोबांनी कागदावर काड्यापेट्या मांडल्या. "मालाच्या डब्याला वाघीण म्हणतात. आपल्याकडे आठ आहेत."

"आठ वाघिणी आणि एकटं इंजिन? बिचारं!"

"सायडिंग म्हणजे डबे उभे करायचा बाजूचा रूळ. एका सायडिंगवर पाच मावतात, बाकी दोन्हींवर तीन-तीन. चिठ्ठ्या उचलायच्या. ज्या पाच निघतील त्या त्याच क्रमाने जोडायच्या, की झाली गाडी. कुठलाही क्रम येवो, लागतोच. फक्त घाई करायची नाही."

"आणि गाडी लागली की बाबा जाणार."

"हं," आजोबा म्हणाले आणि त्यांनी एक काड्यापेटी सरळ केली.

ठरले होते तसेच. आईबाबा वेगळे होणार होते. भांडण नव्हते, आदळआपट नव्हती. बाबांनी पलीकडच्या रस्त्यावर एक खोलीही घेतली होती. पण लेकीला त्यांनी वाढदिवसाला रेल्वे कबूल केली होती. "पहिली गाडी लागली की जाईन," ते म्हणाले होते. आई म्हणाली होती, "चालेल." मग तिने आपल्या वडिलांना मदतीला बोलावून घेतले. शाळेत जन्मभर हस्तकला शिकवलेला माणूस. हाताशी एक मूल आणि एक करवत असली की त्यांना दुसरे काही लागत नसे.

"मी बाबांची खोली पाहिली," खार रेघ ओढता ओढता म्हणाली. "पंखा खडखडतो. बाबा भिंत रंगवताना शीळ घालत होते."

"सरळ ओढ रेघ. पट्टी हलतेय."

फळी कापून झाली, रूळ बसले, सांधे बसले. सांध्याची पाती इकडून तिकडे सरकली की इंजिन या रुळावरून त्या रुळावर कसे जाते, ते आजोबांनी तिला बोट धरून दाखवले. शनिवारी इंजिन तिन्ही सायडिंगवर फिरून आले. पहिली गाडी सगळ्यांसमोर, रविवारी लावायची असे ठरले.

रविवारी इंजिन जागचे हलले नाही.

"ठीक आहे," बाबा म्हणाले.

"ठीक आहे," आई म्हणाली. ती दोघे हल्ली दवाखान्याच्या बाकावर बसलेली माणसे बोलतात तशी बोलत. हळू, नीट आणि मोजके.

फळीखालची एक तार सुटली होती. आजोबांनी आठवडाभर खारीला दोष कसा शोधायचा ते शिकवले. आधी वीज येते का पाहायचे, मग रुळांचे जोड, मग चाके. पुढच्या रविवारी एक जोड सैल निघाला. त्याच्या पुढच्या रविवारी इंजिनाच्या दात्यात दोरा अडकला होता. आई दातांच्या डॉक्टरांकडे कामाला होती. तिने चिमट्याने दोरा ओढून पाहिला आणि म्हणाली, "याचं रूट कॅनालच करावं लागेल." कोणी हसले नाही. तीही नाही.

आजोबा तेवढे कंटाळत नव्हते. "बिघडल्याशिवाय शिकणार कशी पोर?" ते म्हणायचे.

एका शनिवारी बाबा लवकर घरी आले. खार फळीखाली बसली होती, हातात पक्कड. बाबांना पाहून तिने ती पाठीमागे लपवली. बाबा स्वयंपाकघरात गेले. आजोबा तिथे भांडी पुसत होते.

"अण्णा, त्या दोऱ्याला गाठ होती. आपोआप बसते का हो गाठ?"

आजोबांनी हातातले ताट पुन्हा एकदा पुसले. "लेकरू आहे. रागावू नका."

"नाही रागावत."

"तिला वेळ हवा असेल."

बाबांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या निघाल्या. खारीने बटण दाबले. इंजिन तसेच उभे. या वेळी कोणाला नवल वाटले नाही. बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले.

"खारे, खरं सांग. मी ओरडणार नाही. हे तू करतेस का?"

खारीने आईकडे पाहिले. मग आजोबांकडे पाहिले. आजोबा फळीकडे बघत होते.

"हो," खार म्हणाली.

आई पलंगाच्या कडेवर बसली. बाबांनी इंजिनाचे बटण बंद केले. मग त्यांनी खारीच्या गालाला हात लावला.

"बरं. नाही जात मी इतक्यात. तुझी परीक्षा होऊ दे, मग बघू." ते आईकडे वळले. "खोलीवाल्याला सांगतो तसं."

"चालेल," आई म्हणाली.

दोघे उठली. ती एका खोलीत गेली, ते दुसरीत.

आजोबा खारीशेजारी येऊन टेकले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती वाघिणी एकेक करून ओळीत लावत होती. तिने वर पाहिले नाही.

"आजोबा, पुढच्या रविवारी तार काढू नका," ती अगदी हळू म्हणाली. "बाबांना जाऊ द्या."