मावळत्या अध्यक्षांचा सत्कार

शाल झाली, नारळ झाला, तरी दाभाडेसाहेबांचे हात पुढेच होते. जिल्हा सायकलिंग संघटनेच्या मावळत्या अध्यक्षाला चांदीची सायकल द्यायची रीत होती, आणि ती त्यांनीच पाडली होती.

इंदुमती खराडेनं, म्हणजे नव्या अध्यक्षेनं, टेबलाखालून प्रेशर कुकरचं खोकं काढलं. कोपरे झिजलेले, चिकटपट्टी पिवळी पडलेली.

कॉलेजात असताना तिनं घाटाची शर्यत मारली होती. पुरुषांत पहिला आला त्याला याच साहेबांनी रेसिंग सायकल दिली आणि तिच्या हातात हे खोकं ठेवलं. "घे पोरी, संसाराला होईल," असं माईकवरून म्हणाले, तेव्हा सगळा मंडप हसला होता. आईनं कितीदा मागितला, पण तिनं तो कुकर उघडू दिला नाही. खुन्नस धरूनच ती संघटनेत शिरली, चहा वाटत वाटत चिटणीस झाली आणि परवाच्या निवडणुकीत तिनं साहेबांना चारी मुंड्या चीत केलं.

खोकं ओळखताच साहेबांचा चेहरा पडला. "इंदूताई, झालं गेलं विसरा ना," ते हळूच म्हणाले.

तिनं माईक जवळ ओढला.

"घ्या साहेब. आता घरीच असाल. डाळभाताला होईल."