डावा कान

“दादा, तू बघितलीस ना? मग मी कशाला बघू?”

तीन वर्षांपूर्वी बेल्ह्याच्या बाजारात घोडी घेताना सोपान हसत हसत एवढंच बोलला होता. धाकट्या भावाचा तो आवाज कुंडलिकच्या कानात अजून रुणझुणत होता, घोडीच्या गळ्यातल्या घुंगरांसारखा. आज तर सकाळपासून थांबायचं नाव घेत नव्हता.

आज तीच घोडी विकायची होती. पारगावचे पोपटराव गोठ्यात आले होते, सोबत त्यांची सोळा वर्षांची लेक संस्कृती. यंदाच्या यात्रेला, बैलगाडा शर्यतीच्या घाटात, पळत्या बैलांच्या पुढं घोडी तीच पळवणार होती.

पोपटरावांनी खालचा ओठ ओढून दात पाहिले. “दातावरलं काळं खळगं पुसत आलंय. आठाची असंल.” मग एकेक खूर उचलून पाहिला. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. पंचकल्याणी.

“लई देखणी हाये, राव. पण अंगाला मातीचा डाग कसा नाय? बसत नाय का ही?”

“उभ्यानंच झोपती,” गव्हाणीपाशी उभी असलेली वैजयंती म्हणाली. सोपानची बायको. “घोडी उभ्यानं झोपत्यात, ठावं हाय मला. पण मधनं कधी आडवी व्हत्यातच की. हे गेल्यापासनं ही भुईला टेकली न्हाई. आन् तो डावा कान बघा.”

उजवा कान पोपटरावांच्या बोलण्याकडं होता. डावा मागं वळलेला, रिकाम्या कोपऱ्याकडं. तिथं खुंटीला सोपानची टोपी अजून तशीच होती.

पोपटराव हसले. “घोड्याला दोन कानांनी दोन गावच्या गप्पा ऐकू येत्यात, वहिनी.”

“कोपऱ्यात कोण बोलतंय पण?”



“खोड काय हिची?” पोपटरावांनी कुंडलिकला विचारलं.

कुंडलिकनं घोडीच्या मानेवर हात ठेवला. घाटात सोपान हिच्यावरून पडून गेला तेव्हा सगळे म्हणाले होते, घोडी बुजली. डावीकडून बैल आले आणि ही सरळ त्यांच्यातच शिरली. तेव्हा कुंडलिकनंही मान डोलावली होती. पण बाजारात, रुमालाखाली बोटं धरून सौदा पक्का झाल्यावर, त्यानं सहज तिच्या डाव्या डोळ्यापुढं हात नेला होता. डोळा काचेसारखा स्वच्छ. पापणी मात्र लवली नव्हती. जनावर पारखावं तर कुंडलिकनं, असं ज्याचं नाव, त्यानं आपण चुकलो हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

“जाऊ द्या, भाऊ,” पोपटराव म्हणाले. “तुमी बघितलेली घोडी. मग आमी काय बघायचं?”

कुंडलिकचा हात मानेवरच थिजला.

खोगीर चढवलेलंच होतं. संस्कृती डाव्या बाजूला गेली, घोड्यावर चढायचं ते डावीकडूनच. तिनं रिकिबीत पाय घातला आणि अंग उचललं.

तेव्हा डावा कान हलला. पोरीकडं नाही. कोपऱ्यातून निघाला आणि सावकाश वळत राहिला, कुणी पावलापावलानं चालत यावं आणि त्या पावलांवर कानानं लक्ष ठेवावं तसा. त्याचा रोख खुंटीवरून गव्हाणीपाशी आला. वैजयंती अंग चोरून बाजूला झाली, कुणाला वाट द्यावी तशी. आणि रोख थांबला तो थेट कुंडलिकच्या पाठीमागं.

भर दुपार होती. खालची पेंढ्याची काडी हलली नव्हती. कुंडलिकला मागं वळून पाहायचा धीर झाला नाही.

“पोरी, खाली उतर,” तो म्हणाला. “हिला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई.”

संस्कृती उतरली. पोपटराव घोडीच्या डोळ्याकडं बघत राहिले.

“कधीपासनं, भाऊजी?” वैजयंतीनं विचारलं. आवाज अगदी हळू.

कुंडलिक तिच्याकडं पाहू शकला नाही. घोडीचा कान जिकडं होता, तिकडंच, न वळता, तो बोलला.

“बघितली व्हती रे, सोपाना. बाजारातच बघितली व्हती.”