मागचं इंजिन

"आधी निळी तार बघ. दिवा लागला नाही की लोक डिकोडरला शिव्या घालतात, निळ्या तारेकडे कुणी ढुंकून बघत नाही. सगळ्या दिव्यांची आई आहे ती."

दादाचा आवाज कानात अजून जसाच्या तसा होता. धाकट्याने निळी तार पुन्हा तपासली. डाख पक्का होता. पांढरी तारही जागेवर होती. दिव्याचे पाय उलटे जोडले गेले असतील, म्हणून तो सोडवून चपट्या, नाण्याएवढ्या सेलवर लावून पाहिला. तिथे शहाण्या मुलासारखा लागला. इंजिनात बसवला की पुन्हा मिटला.

इंजिन वीतभर, हिरवं. दादाने रंगवून ठेवलेलं, पण आतून रिकामं. ते पुरं व्हायच्या आतच दादा गेला, हिवाळ्यात. आतला डिकोडर धाकट्याने आपल्याच जुन्या, मोटर जळलेल्या इंजिनातून काढून बसवला होता. नखाएवढी पट्टी ती. रुळांतून आलेला हुकूम ऐकायचा आणि मोटरला, दिव्याला कळवायचा, एवढंच तिचं काम. मोटर ऐकत होती. दिवा ऐकत नव्हता.

मुलांच्या दवाखान्यात, जिथे आईबाप पोरांना मांडीवर घेऊन नंबराची वाट बघत बसतात, तिथे दादाने भिंतीलगत फळी मारून रूळ टाकले होते. सुटीच्या दिवशी येऊन गाडी चालवीन, असं कबूलही करून बसला होता. रूळ झाले, बोगदा झाला आणि दादाच राहिला नाही. मोठे डॉक्टर भले माणूस, पण तेही किती थांबणार? आज संध्याकाळपर्यंत गाडी आली नाही तर रूळ काढून तिथे माशांची टाकी बसणार होती. सकाळी तिथल्या सिस्टरचा फोन आला तेव्हा धाकट्याने शब्द दिला. आज गाडी आणतो, दिव्यासकट आणतो. चालवायला मात्र दुसरं कुणीतरी बघा.

"बसवू देत मासे," वहिनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवत म्हणाल्या. "माशांना निदान डिकोडर लागत नाही."

धाकटा हसला नाही. हे आपलं कामच नव्हे, असं तो म्हणाला. दादा डाख द्यायचा, आपण तार धरायचो. जन्मभर तार धरणाऱ्याने एकदम इंजिन जोडायला बसू नये. ते वहिनींनाही ठाऊक होतं. त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा भावोजी ह्यांच्या खांद्यामागे आहेत, नुसता एक कान तेवढा आलाय, असं त्या म्हणाल्या. यावर मात्र त्याला थोडं हसू आलं.

त्याने इंजिन टेबलावरच्या रुळांवर ठेवलं. कंट्रोलरकडे न बघताच बोटाने सात दाबला. इंजिन निघालं. दिव्याचं बटण दाबलं. इंजिन अंधारंच.

वहिनी वाकून बघत होत्या. "हा सात कुणाचा?"

जोडीचा, त्याने सांगितलं. दोघे भाऊ नेहमी दोन इंजिनं जोडूनच चालवायचे. पुढे दादाचं, मागे त्याचं. दोघांना मिळून एकच नंबर, सात. तो दाबला की दोन्ही बरोबर निघायची. बोटांना तेवढाच ठाऊक.

"मग ह्याचा स्वतःचा नंबर काय?"

नंबर होता, प्रत्येक डिकोडरला असतो. पण त्या नंबराने त्याने आपल्या इंजिनाला कधी हाक मारलीच नव्हती. बराच वेळ आठवावं लागलं. मग त्याने तीन दाबला आणि दिव्याच्या बटणावर बोट ठेवलं.

दिवा लागला. छोटा, पिवळसर. समोर पडलेल्या कात्रीचं पातं त्यात चमकलं.

धाकटा खुर्चीत मागे टेकला. जोडीत मागच्या इंजिनाचा दिवा बंदच ठेवतात. पुढच्याच्या पाठीवर उजेड पाडून काय करायचं? दादाने ते कधीकाळी डिकोडरला पढवून ठेवलं होतं आणि डिकोडर ते इमानाने पाळत होता. बिघाड कुठेच नव्हता. पुढे आता कुणी नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दिवा लागला खरा, पण तीनवर इंजिन जागचं हलेना. चालायच्या बाबतीत ते अजून सातचंच ऐकत होतं. आता जोडी सोडवायला हवी होती. कंट्रोलरवर दोन-तीन बटणांचं काम. त्याचा अंगठा शेवटच्या बटणावर येऊन थांबला. आपण काय पुसतोय हे त्याने वहिनींना सांगितलं, आणि सांगताना त्यांच्याकडे बघितलं नाही.

वहिनींनी पदराने चष्मा पुसला. "मागून चालणाऱ्याला सगळी वाट पाठ होते, भावोजी," त्या म्हणाल्या. "सोडवा."

त्याने बटण दाबलं, मग पुन्हा तीन लावून वेग दिला. इंजिन हललं आणि आपला उजेड आपल्यापुढे टाकत टेबलाला वळसा घालून आलं.

चहा गार झाला होता. तो तसाच पिऊन त्याने इंजिन फडक्यात गुंडाळलं, डब्यात ठेवलं. चालवायला कोण मिळालं ते सिस्टरला विचारू का, असं म्हणत वहिनींनी फोन उचलला. विचारू नका, मिळालाय म्हणून सांगा, असं तो चपला घालता घालता म्हणाला.

दाराशी आल्यावर तो सवयीने बाजूला सरकला, पुढे जाणाऱ्याला वाट द्यायला. तसाच थोडा उभा राहिला. मग डबा छातीशी धरून तोच आधी बाहेर पडला.