खालची पोर

आप्पा शाळेच्या मैदानात घुसले तेव्हा त्यांच्या लेकीच्या, संस्कृतीच्या खांद्यांवर अलिना उभी होती. पळून जायचीही सोय नव्हती.

ऊसतोडीच्या फडावरून ते थेट शिरूर कासारला आले होते, अंगावर पाचटाची धूळ तशीच. सोबत भगवानराव, गावचा पुढारी. पोरींच्या सरावाचा व्हिडिओ त्यानेच आप्पांना पाठवला होता. मेल्याला दुसरा उद्योग नाही! संस्कृतीचं डोकं भणाणलं. आज आप्पांनी ओढून नेलं तर पुण्याची चीअरलीडिंगची स्पर्धा गेली, शाळा गेली, उद्यापासून हातात कोयता.

भगवानरावाने आल्या आल्या तोंड सोडलं. क्रिकेटच्या सामन्यात तोकड्या कपड्यांत बाया नाचतात, ते सोंग इथं आणलं म्हणे. पोरींना शिकवणाऱ्या अस्मा मॅडमही ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. पोरी ट्रॅकपँटमध्ये आहेत, डोळे उघडून बघा म्हणाल्या. चीअरलीडिंग हा खेळ आहे, अमेरिकेतून जपान-थायलंडपर्यंत पोचलाय, देशोदेशीचे संघ त्यात उतरतात.

आप्पांचे डोळे लाल झालेले. खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन नुसते पिळत होते.

"रोज असंच चालतं?" त्यांनी विचारलं.

"रोज," मॅडम म्हणाल्या. "तुमची संस्कृती सगळ्यांत भक्कम. तिच्याशिवाय मनोरा उभाच राहत नाही."

आप्पांचा जबडा आवळला. "आधी ती वरची पोर उतरवा."

अलिना घाबरून खाली उतरली. भगवानराव मिशीत हसला आणि आप्पांना म्हणाला, चला गहिनीनाथ, घ्या पोरीला अन् निघा.

संस्कृतीला राग आवरेना. बापापुढे आजवर तिने कधी तोंड उघडलं नव्हतं.

"मी न्हाई येणार," ती म्हणाली. "मारलं तरी न्हाई."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे वळले.

"उसाच्या मोळ्या मी उचलायच्या, हिच्या आईनं उचलायच्या. आन् हितं येऊनबी हीच उचलती व्हय? त्या व्हिडिओत बघितलं तवापासून डोकं फिरलंय माझं."

पिळलेल्या टॉवेलची त्यांनी गोल चुंबळ केली, खांद्यावर ठेवली आणि मोळी घेताना बसतात तसे लेकीपुढे मातीत बसले.

"चढ," ते म्हणाले.